गॅसची की डिझेलची? शेतमालासाठी पिकअप घेईपर्यंतचे पाच महिने

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, वसुबारसेच्या संध्याकाळी, आमच्या दारात नवी पिकअप येऊन उभी राहिली आणि आत्याबाईंनी गाय-वासरासाठी सजवलेल्या ताटातलेच हळद-कुंकू तिलाही लावले. त्याआधीचे पाच महिने सीएनजी की डिझेल या एका प्रश्नाने घरातल्या सगळ्यांचे डोके खाल्ले होते. शोरूममधली माणसे एक सांगत, पाहुणे दुसरे, आणि ज्यांच्याकडे गाडी आहे ते आपापल्या गाडीची बाजू घेत. पुढच्या हंगामाआधी हाच निर्णय घ्यायचा असलेल्या शेतकरी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून तारखा, खर्च, खेटे आणि आमच्या चुका इथे क्रमाने लिहीत आहे. आम्ही कोणत्या कंपनीची गाडी घेतली हे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण आमचा खरा घोळ कंपनीचा नव्हता, इंधनाचा होता.

आमचे गाव कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावरच्या कळ्यापासून साडेचार किलोमीटर आत आहे, आणि गावातून शेताकडे जाणारा शेवटचा पाऊण किलोमीटर म्हणजे पाणंद. यजमान शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरीला असल्यामुळे शेतीचे दैनंदिन काम मी, माझे दीर आणि मामंजी पाहतो. कारखान्याला जाणारा ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीने जातो, त्याचा पिकअपशी संबंध नाही. पिकअप लागते ती गूळ आणि भाजी शाहू मार्केट यार्डात पोचवायला, खत-पेंड आणायला आणि अधूनमधून घाट उतरून कोकणात जायला.

मे महिन्यात हंगाम आटोपल्यावर मी भाड्याच्या चिठ्ठ्यांचा डबा उपडा केला आणि दोन संध्याकाळी बसून सगळा हिशेब वहीत उतरवला. १ नोव्हेंबर २०२४ ते ३० एप्रिल २०२५ या सहा महिन्यांत आमच्या ११८ खेपा झाल्या होत्या आणि भाड्यापोटी १ लाख ४६ हजार रुपये गेले होते. त्यांत ३१ खेपा आमच्या आणि भावकीच्या गुळाच्या, ६० भाजीच्या, १८ खत, पेंड आणि वैरणीच्या, आणि ९ कोकणातल्या. करूळ घाटाच्या रुंदीकरणामुळे त्या नऊपैकी बहुतेक खेपा भुईबावडा घाटाने झाल्या होत्या, आणि परतीला कधी नारळ तर एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या असायच्या. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोची. खेपेला ४० रवे म्हणजे बाराशे किलो. या वहीचा उपयोग पुढे मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त झाला. ज्यांच्याकडे अशा चिठ्ठ्या नसतील त्यांनी निदान दीड-दोन महिने रोजचे अंतर, वजन आणि रस्ता यांची नोंद ठेवावी आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

पहिली चूक आम्ही शोरूममध्ये पाय ठेवण्याआधीच केली. आमच्याकडे हजार लिटरची टाकी बसवलेली एक जुनी ट्रॉली आहे. ती पिकअपच्या मागे हूक लावून ओढायची आणि औषध फवारणीच्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे वाचवायचे, असा भाऊजींचा बेत होता. त्यासाठी त्यांनी एका वेल्डिंगवाल्याकडून हुकाचा अंदाजही आणला होता. १४ जूनला आम्ही पहिल्या शोरूममध्ये गेलो तेव्हा मी हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला आणि समोरचा माणूस गोंधळला. नंतर सर्व्हिस विभागातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नीट समजावून सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असते, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. या वर्गातल्या पिकअप माल हौद्यात वाहण्यासाठी बनवलेल्या असतात, मागे काही ओढण्यासाठी नव्हे. पुढच्या बाजूला दिसणारा हूक गाडी चिखलात रुतली तर तिला बाहेर काढण्यासाठी असतो. परस्पर हूक जोडून ट्रॉली लावली आणि रस्त्यावर काही झाले, तर विमा कंपनी हात वर करील आणि गाडीची वॉरंटीही अडचणीत येईल. भाऊजींना हे पटायला आठवडा लागला, पण ट्रॉलीचा विषय तिथेच संपला. ओढायचे काम ट्रॅक्टरचे, वाहायचे काम पिकअपचे, एवढे एकदा ठरल्यावर पुढचा विचार सोपा झाला.

जूनच्या उरलेल्या दिवसांत आम्ही चार शोरूम पाहिली. मारुतीची सुपर कॅरी १.२ लिटर इंजिनाची, पेट्रोल आणि सीएनजीत मिळणारी. टाटाच्या इंट्रामध्ये एक टन वाहणारी सीएनजी-पेट्रोल अशी दुहेरी इंधनाची आणि तेराशे किलो वाहणारी डिझेल असे प्रकार. महिंद्राची बोलेरो पिकअप २,५२३ सीसी डिझेल इंजिनाची. शिवाय अशोक लेलँडची दोस्त. सुपर कॅरी गुळाच्या वजनाला लहान पडत होती आणि बोलेरो पाणंदीतल्या पिंपळाच्या वळणावर एका दमात वळत नव्हती. हे वळण आम्ही शेजारच्या गावातली एक बोलेरो चहापाण्यावर बोलावून प्रत्यक्ष तपासले. पाणंद रुंद असलेल्यांना ही अडचण येणार नाही.

घरात तोपर्यंत कौल सीएनजीच्या बाजूने होता. माझी मावसबहीण गोकुळ शिरगावजवळ राहते आणि तिच्याकडे सीएनजी गाडी आहे. तिच्या बोलण्यावरून आम्हाला वाटत होते की खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. हिशेब मांडला तेव्हा तसे दिसेना. त्या वेळी आमच्याकडे दोन्ही इंधनांचे दर नव्वदीच्या आसपास होते, फक्त एक किलोवर आणि दुसरे लिटरवर. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त ऊर्जा असते. पण डिझेल इंजिन आपल्या इंधनातून जास्त काम काढून घेते, त्यामुळे तो फायदा बराचसा आटतो. भाड्याच्या गाडीवाल्यांना विचारून आणि पुढे स्वतः भरून पाहून मी जे आकडे धरले ते असे: माल भरून सीएनजीवर किलोला १६ किलोमीटर, डिझेलवर लिटरला साडेतेरा. दर ९१ रुपये धरला तर किलोमीटरला अनुक्रमे ५ रुपये ६९ पैसे आणि ६ रुपये ७४ पैसे. फरक एक रुपया पाच पैसे. हंगामात महिन्याला आमचे साडेअकराशे किलोमीटर होतात, म्हणजे महिन्याची बचत बाराशे रुपये. बाराशे रुपये काही फेकून देण्यासारखे नाहीत, पण ‘निम्मा खर्च’ म्हणजे ते नव्हे. निम्म्याची गोष्ट खरी ठरते ती पेट्रोलशी तुलना केल्यावर, आणि मावसबहिणीची आधीची गाडी पेट्रोलची होती.

तरीही कागदावरच्या हिशेबावर निर्णय घ्यायचा नाही असे मी ठरवले होते. भाऊजींच्या एका मित्राने त्याची सीएनजी पिकअप ७ ते १० जुलै अशी चार दिवस दिली. रोजचे ८०० रुपये आणि गॅस आमचा. पहिल्याच दिवशी गाडी आवडली. आवाज नाही, थरथर नाही, आणि रिकामी असताना शहरात चालवायला एखाद्या मोटारीसारखी हलकी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता यार्डातून परतताना शहराच्या वेशीवरच्या एका पंपावर मी रांगेत लागले. पुढे सतरा वाहने होती, बहुतेक रिक्षा. अर्ध्या तासाने रांग थांबली. ‘प्रेशर न्हाई, गाडी आली की भरतो,’ असे पंपावरच्या मुलाने येऊन सांगितले. कोणती गाडी, हे मला कळेना; म्हणून मी उतरून विचारले. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी गॅसवाहिनी आपल्या जिल्ह्यातून जाते, पण म्हणून प्रत्येक पंपाखाली नळ असतो असे नाही. काही पंपांना मुख्य केंद्रावरून मोठ्या सिलिंडरांची जुडी ट्रकमधून येते. आपल्या टाकीत गॅस पूर्ण भरायचा तर सुमारे २०० बार दाब लागतो. जुडी रिकामी होत आली की दाब उतरतो आणि मीटर लवकर थांबतो. माझ्या टाकीत त्या दिवशी साडेसहा किलोच्या आतच गॅस बसला आणि वेळ गेला पंचावन्न मिनिटे. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला, यार्डात भाजी उतरवायला जाताना, त्याच पंपावर अकरा मिनिटांत नऊ किलोहून अधिक भरला. ज्यांची जाण्याची वेळ पहाटेची आहे त्यांना रांगेचा त्रास फारसा होणार नाही. आमच्या गुळाच्या खेपा मात्र दुपारच्या असतात, आणि भरलेल्या गाडीत चाळीस रवे उन्हात ठेवून रांगेत उभे राहणे मला झेपणारे नव्हते. भरताना गाडीतल्या सर्वांना खाली उतरावे लागते, हेही सोबत म्हातारे माणूस असेल तर लक्षात ठेवावे. शिवाय सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते आणि तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. जुनी सीएनजी गाडी घेणाऱ्यांनी ती पट्टी इंजिनाआधी पाहावी.

डिझेलची बाजू पाहायला मी उद्यमनगरमधल्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आमच्या आधीच्या भाड्याच्या गाड्यांची कामे केलेली होती, त्यामुळे त्यांना आमचा रस्ता माहीत होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यानंतर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. तिला सगळे डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला धूर खूप तापावा लागतो, आणि तो तापतो तो गाडी सलग, बऱ्या वेगाने चालली तरच. गावातल्या गावात, दूध संस्था ते शेत अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिले तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि तरीही दुर्लक्ष केले तर गाडीचा जोर कमी होतो. ‘वहिनी, डिझेल गाडी आता म्हशीसारखी दारात बांधून चालत न्हाई,’ मिस्त्री म्हणाले, ‘तिला आठवड्यातनं दोनदा तरी हायवे दाखवाय लागतोय.’ हे वाक्य मी वहीत तसेच लिहून घेतले. मग खेपांची यादी पुन्हा काढली. आमची गाडी हंगामात आठवड्याला चार वेळा तरी एका बाजूने अठ्ठावीस किलोमीटर जाणार होती. दुधाचे कॅन आमच्याकडे दुचाकीवर जातात, ते तसेच राहू द्यायचे ठरले. ज्यांचे सगळे काम पाच किलोमीटरच्या आत आहे त्यांनी मात्र डिझेल घेताना दोनदा विचार करावा.

याच सुमारास एका पाहुण्यांनी आमच्या घरात चांगलीच धास्ती पसरवली. डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंद होणार, असे ते छातीठोकपणे सांगून गेले. दहा वर्षांची ती अट दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. कोल्हापूरच्या गाडीला ती लागू नव्हती. आपल्याकडे माल वाहणाऱ्या गाडीला वेळोवेळी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते: नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी.

१० ऑगस्टचा रविवार हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगाचा दिवस ठरला. गाडी रिकामी चालवून दाखवायला सगळे तयार असतात. भरून चालवू द्या म्हटले की कारणे सुरू होतात. दोन डीलर मी ‘नुकसान झाले तर आमची जबाबदारी’ असे लिहून दिल्यावर तयार झाले. सोसायटीतून उचललेले खत तसेही शेतावर न्यायचे होते. सीएनजी गाडीत युरियाची ४५ किलोची वीस पोती भरली, म्हणजे नऊशे किलो. डिझेल गाडीत तेवढीच, आणि वर डीएपीची ५० किलोची चार. आदल्या रात्री पाऊस झालेला होता. ओढ्याच्या फरशीवरून वर चढणारा आमच्या पाणंदीचा तुकडा जेमतेम साठ मीटरचा आहे, पण त्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या दोन चऱ्या आहेत आणि मधला उंचवटा गवताने झाकलेला असतो.

सीएनजी गाडी आधी नेली. पहिल्या गिअरमध्ये ती निम्म्यापर्यंत चढली, मग इंजिन घुसमटल्यासारखे झाले आणि मागचे डावे चाक जागच्या जागी फिरू लागले. शेजारी बसलेल्या मुलाने पटकन बटण दाबून ती पेट्रोलवर घेतली. आम्ही मागे येऊन पुन्हा वेग घेतला, तेव्हा कशीबशी वर गेली. वर पोचल्यावर क्लचचा जळका वास येत होता. टाकी हौद्याखाली असल्यामुळे मधला उंचवटा खालून घासल्याचा आवाजही मी ऐकला. डिझेल गाडी दोनशे किलो जास्त घेऊन, न थांबता, बैल चढावा तशी संथपणे चढली. कागदावर पाहिले तर कारण समोरच होते: डिझेल गाडीचा जोर १४० न्यूटन-मीटर आणि तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा, दुसरीचा सीएनजीवर असताना शंभरच्या आत. ही तुलना पूर्ण न्याय्य नव्हती हेही सांगायला हवे, कारण सीएनजी गाडीचे इंजिन १.२ लिटरचे आणि डिझेल गाडीचे दीड लिटरचे होते. मोठ्या इंजिनाच्या सीएनजी पिकअपही मिळतात. त्यांतल्या एकीची चौकशी आम्ही केली, पण तिला दोन महिने थांबायला सांगत होते आणि लांबीमुळे पिंपळाचे वळण तिलाही जमले नसते. मामंजी बांधावर छत्री घेऊन उभे होते. ते एवढेच म्हणाले, ‘ठरलं की आता.’

माझ्या मनात त्याआधीच आणखी एक गोष्ट ठरली होती. पंचगंगेचे पाणी चढले की बालिंग्याचा पूल आणि मांडुकलीचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. २०१९ आणि २०२१ साली आम्ही ते चांगलेच भोगले आहे. अशा वेळी शहराकडचा सीएनजी पंप असून नसल्यासारखा. दुहेरी इंधनाची गाडी पेट्रोलवर चालते हे खरे, पण मग बचतीचा मुद्दाच उरत नाही. डिझेल आमच्या बाजूलाच मिळते.

निर्णय झाला, पण गाडी घरी यायला अजून दोन महिने होते. २९ ऑगस्टला, गणपतीच्या दिवसांत, आम्ही कोटेशन घेतले: शोरूम किंमत ८ लाख २० हजार. पाच हजार रुपये देऊन बुकिंग केले आणि पावती घेतली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के केल्याची बातमी आली. नवा दर २२ सप्टेंबरपासून. दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याचा फोन आला, ‘मॅडम, बिल लगेच करून घ्या, नंतर गर्दीत गाडी मिळणार नाही.’ थांबलो तर किती वाचतील ते मी कागदावर काढले: ६४ हजार. मी थांबते म्हणाले. मामंजींचे कारण वेगळेच होते. पितृपक्षात गाडी घ्यायची नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते, आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. नव्या दराने किंमत ७ लाख ५६ हजारांवर आली. याच्या उलट १ जुलैपासून राज्याच्या वाहनकरात झालेल्या बदलाचा आम्हाला फटका बसला: साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना पूर्वी वजनावर कर होता, तो आता किमतीच्या ७ टक्के, एकरकमी. आमच्या गाडीला ५२ हजार ९०० रुपये.

कर्जासाठी बँकेत पहिल्यांदा ४ सप्टेंबरला गेले आणि मंजुरीपत्र २६ तारखेला हातात पडले. दरम्यान पाच खेटे झाले. डिजिटल सहीचे सातबारा आणि आठ-अ मी घरूनच प्रत्येकी १५ रुपयांत काढले. सेवा सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला सचिव रजेवर असल्यामुळे चार दिवस अडला. खरी अडचण आयकर विवरणपत्रांची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे मी कधी विवरणपत्र भरलेले नव्हते, आणि साहेब तीन वर्षांची मागत होते. शेवटी यजमानांना सहकर्जदार केले आणि त्यांचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, लावला. हे पहिल्याच दिवशी सुचले असते तर निदान दोन खेटे वाचले असते. ‘गाडी चालवणार कोण?’ असेही तिथे दोनदा विचारले गेले. मी चालवणार म्हटल्यावर साहेबांनी यजमानांकडे पाहिले. कर्ज ६ लाख, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षे, हप्ता १२,७४८ रुपये. पाचशेचा स्टॅम्प आणि प्रक्रिया शुल्क वेगळे.

विम्याच्या वेळी एजंटाने माझ्या परवान्यावर बोट ठेवले. मालवाहू गाडीला वेगळा बॅज लागेल, नाहीतर दावा नाकारला जाईल, असे त्याचे म्हणणे होते. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलेले आहे. मी एजंटाशी वाद घातला नाही. हा निकाल लागू आहे की नाही ते कंपनीकडून ईमेलवर लिहून आणा, एवढेच सांगितले. तीन दिवसांनी होकाराचे उत्तर आले आणि ते मी छापून गाडीच्या कागदांत ठेवले आहे. विमा ३६ हजार ४०० रुपयांचा बसला. यात त्रयस्थ पक्षाच्या विम्याचाच भाग सोळा हजारांवर असतो, आणि खासगी मोटारीसारखा तो तीन वर्षांचा एकदम मिळत नाही, दरवर्षी भरावा लागतो. आम्ही पहिल्या हिशेबात हा वार्षिक खर्च धरलाच नव्हता. परमिट मात्र लागले नाही, कारण भारासह एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला त्यातून सूट आहे. आमची गाडी भरून सव्वीसशेच्या आत राहते.

अंतिम बिलात ‘हँडलिंग’ या नावाखाली साडेचार हजार रुपये लावलेले होते. हे कशाचे, आणि याची वेगळी पावती मिळेल का, असे विचारल्यावर ती ओळ निघून गेली. नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग मिळून ६,७०० रुपये धरून गाडी रस्त्यावर आली तेव्हा एकूण ८ लाख ५२ हजार झाले होते. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी मिळेल असे वचन होते. पण सणाच्या गर्दीत पासिंगची फाइल मागे पडली आणि पिवळी पाटी लागून गाडी मिळायला वसुबारस उजाडली. दसऱ्यासाठी आणलेला झेंडूचा हार तोवर देव्हाऱ्यात वाळून गेला होता. गाडी ताब्यात घेताना चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि स्टेपनी स्वतः पाहून घ्यावी. आमच्या गाडीत जॅकचा दांडा नव्हता आणि तो मिळवायला तीन फोन करावे लागले.

ताडपत्री, हौद्यात रबरी मॅट आणि कडेच्या दोरखंडांना ९,४०० रुपये लागले. मॅटचा खर्च पहिल्याच महिन्यात वसूल झाला असे मी म्हणेन, कारण रव्याची कड फुटली की सौद्यात दर उतरतो, आणि नव्या गाडीचे पाटे इतके कडक असतात की अर्धी भरलेली गाडी खड्ड्यात उडते. आता आम्ही कमी माल असला की तो मागच्या चाकांच्या थोडा पुढे, दाटीने लावतो. चाळीसच्या वर रवे मात्र भरत नाही. भाऊजींना पंचेचाळीस भरायचा मोह अधूनमधून होतो. जादा भारासाठी कायद्यात वीस हजारांचा दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, हे मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहे.

पहिल्या तीन महिन्यांत पावत्यांवरून निघालेले ॲव्हरेज लिटरला १४.१ किलोमीटर आहे, माझ्या अंदाजापेक्षा थोडे बरे. पण मिस्त्रींनी सांगितलेला दिवा १२ डिसेंबरला लागलाच. गुऱ्हाळावर आमची पाळी होती, यार्डाच्या खेपा बारा दिवस बंद होत्या, आणि गाडी नुसती शेत-गुऱ्हाळ-घर अशी फिरत होती. मी इंजिन बंद न करता मामंजींना शेजारी बसवले, कळ्यातून गगनबावड्याच्या दिशेने वळले आणि तिसऱ्या गिअरमध्ये, जरा चढ्या आवाजात, सलग चालवत राहिले. अर्ध्या तासाने असळजच्या अलीकडे दिवा गेला. ‘नुसतं हिंडायला डिझेल जाळायचं, ही कसली गाडी,’ मामंजी म्हणाले, पण परत फिरायच्या आधी त्यांनी मला टपरीवर थांबायला लावले आणि भजी घेतली. तेव्हापासून लांबची खेप नसली तर दर रविवारी एक चक्कर होते, आणि तिचे डिझेल मी बचतीच्या हिशेबातून वजा करते.

मावसबहिणीची सीएनजी तिच्या घरापासून दोन किलोमीटरवरच्या पंपावर पहाटे भरली जाते, तिचा रस्ता सपाट आहे आणि माल सहाशे किलोच्या पुढे कधी जात नाही. तिने डिझेल घेतली असती तर मी तिला वेड्यात काढले असते.

आरसीचे कार्ड टपालाने १० नोव्हेंबरला आले. विम्याची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये आणि योग्यता प्रमाणपत्राची ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते. या दोन्ही तारखा मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, म्हशीच्या विण्याच्या तारखेखाली, खडूने लिहून ठेवल्या आहेत.